ज्युनिअर आइस हॉकीनंतर युरोप: खेळायला आणि शिकवायला जाणाऱ्यांसाठी

ज्युनिअरचा शेवटचा हंगाम संपला की विसाव्या-एकविसाव्या वर्षी खेळाडूसमोर तीन रस्ते असतात: विद्यापीठ, उत्तर अमेरिकेतल्या खालच्या व्यावसायिक लीग, किंवा युरोप. हा लेख तिसऱ्या रस्त्याबद्दल आहे. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. ज्युनिअर म्हणजे १६ ते २० वयोगट: कॅनडातल्या ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल आणि ज्युनिअर ए लीग, अमेरिकेतल्या यूएसएचएल आणि एनएएचएल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. युरोपातला क्लब तुमचे ज्युनिअरमधले गोल मोजून पैसे देत नाही. तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा तुमच्यावर खर्च करतो. त्या जागेवर त्याला २६ वर्षांचा, व्यावसायिक अनुभव असलेला खेळाडूही मिळू शकतो. मग त्याने तुम्हाला का घ्यावं? खालच्या लीगमध्ये याचं सर्वांत पटणारं उत्तर असतं की हा पोरगा शुक्रवारी-रविवारी खेळतो आणि बाकीचे दिवस आमच्या मुलांना शिकवतो. म्हणून खेळणं आणि शिकवणं यांची तयारी एकत्रच करा.

विद्यापीठाचं दार आधी तपासा

१ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएलमध्ये खेळलेल्यांनाही अमेरिकेतल्या एनसीएए (विद्यापीठांची क्रीडा संघटना) डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत खेळता येतं. पूर्वी हे दार त्यांना बंदच होतं, त्यामुळे ज्युनिअर संपल्यावर युरोपला जाताना गमावण्यासारखं फारसं नव्हतं. आता आहे. व्यावसायिक क्लबकडून खर्चापलीकडे पैसे घेऊन खेळलात तर ती पात्रता जाते. ‘छोटी लीग आहे, महिन्याला थोडेच युरो देतात’ ही सबब चालत नाही.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. कॅनडातल्या या तीन लीग खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च देतात, पण ती वापरायला सुरुवात करण्याची मुदत असते आणि व्यावसायिक करार केल्यास काय होतं याचं कलम असतं. आपला मूळ ज्युनिअर करार काढा, ते कलम वाचा आणि लीगच्या शिक्षण विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘काही हरकत नाही’ दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

आपली पातळी ओळखा

युरोपातली शिडी साधारण अशी आहे. सर्वांत वर स्वीडनची एसएचएल, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, फिनलंडची लीगा, जर्मनीची डीईएल आणि चेक एक्स्ट्रालीगा. त्याखाली ऑस्ट्रियाभोवतीची आयसीई लीग (यात इटली, हंगेरी, स्लोव्हेनियातलेही क्लब आहेत), स्लोव्हाकिया, डेन्मार्क, नॉर्वे, फ्रान्सची लीग माग्नुस, ब्रिटनची एलिट लीग. मग जर्मनीची डीईएल २, स्विस लीग, आल्प्स लीग. स्वीडनची हॉकी ऑलस्वेन्स्कान कागदावर दुसऱ्या पायरीची, पण खेळ पाहिलात तर बऱ्याच देशांच्या पहिल्या लीगपेक्षा वेगवान. सर्वांत खाली जर्मनीची ओबरलीगा, स्वीडनची हॉकीएट्टान, फ्रान्सची दुसरी श्रेणी, ब्रिटनची एनआयएचएल.

ज्युनिअरमधून थेट येणाऱ्या, व्यावसायिक एकही हंगाम न खेळलेल्या एकविशीतल्या खेळाडूने या शेवटच्या गटाकडे पाहावं. वरच्या लीगमधले परदेशी खेळाडू बहुतेक एएचएल, ईसीएचएल (उत्तर अमेरिकेतल्या खालच्या व्यावसायिक लीग) किंवा विद्यापीठातून आलेले असतात. बचावपटू उजव्या हाताने खेळणारा असेल किंवा सेंटर फेसऑफ (दोघांमध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणं) जिंकणारा असेल, तर एखादी पायरी वर प्रयत्न करायला हरकत नाही. गोलरक्षकांचं मात्र अवघड आहे. कोट्यातली मोजकी जागा गोलवर घालवायला क्लब नाखूश असतात. त्यांनी प्रशिक्षकपदाची बाजू भक्कम करूनच अर्ज करावा. गोलरक्षकांना शिकवणारा माणूस छोट्या क्लबकडे सहसा नसतो.

कोटा, पासपोर्ट आणि व्हिसा या तीन निराळ्या गोष्टी

सर्वाधिक घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

कोटा हा लीगचा नियम. स्वित्झर्लंडच्या नॅशनल लीगमध्ये २०२२-२३ पासून एका सामन्यात सहा परदेशी खेळाडू चालतात, त्याआधी चार चालत. जर्मनीत डीईएलमध्ये बरीच वर्षे नऊ, डीईएल २ मध्ये चार आणि ओबरलीगात दोन अशी मर्यादा राहिली आहे. हे आकडे उन्हाळ्यातल्या बैठकीत बदलू शकतात, त्यामुळे चालू हंगामाचा आकडा क्लबकडूनच लेखी मागवा. ‘दोन’ याचा अर्थ नीट समजून घ्या: तुम्ही सलग तीन शनिवार-रविवार गोलशून्य राहिलात तर क्लबकडे बदलायला दुसरं कोणी नसतं, तुम्हीच असता.

पासपोर्ट हा कामाच्या परवानगीचा प्रश्न. आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंडमध्ये जन्मलेलं असेल तर तिथल्या परदेशी जन्म नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळतं. इटलीने मात्र मार्च २०२५ मध्ये वंशाधारित नागरिकत्वाचे नियम कडक करून ते साधारण दोन पिढ्यांपर्यंत आणलं. पणजोबांच्या जोरावर इटालियन पासपोर्टची आशा धरणाऱ्यांनी आधी नवा कायदा पाहावा. ही कागदपत्रं जमवायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून सुरुवात अठराव्या वर्षीच करावी, करार हातात आल्यावर नव्हे.

आणि इथेच गफलत होते: युरोपियन युनियनचा पासपोर्ट मिळाला म्हणजे कोट्यातून सुटलो असं नाही. जर्मनीच्या डीईएलमध्ये आयरिश किंवा स्लोव्हाक पासपोर्टवालाही परदेशीच मोजला जातो. तिथे जर्मन पासपोर्टच लागतो. पासपोर्टने व्हिसाची कटकट वाचते, जागेची स्पर्धा तशीच राहते. क्लबशी बोलताना ‘माझ्याकडे युरोपियन पासपोर्ट आहे’ असं मोघम सांगू नका, कोणत्या देशाचा ते सांगा आणि त्या लीगमध्ये त्याची गणती कशी होते ते विचारा.

व्हिसाचं उदाहरण म्हणून जर्मनी घेऊ. कॅनडा आणि अमेरिकेच्या नागरिकांना व्हिसाशिवाय जर्मनीत येऊन तिथेच निवास परवान्याचा अर्ज करता येतो, पण परवाना हातात येईपर्यंत पगारी खेळ सुरू करता येत नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून परवाना हवा असेल तर क्रीडा महासंघाने पात्रतेची खातरजमा करावी लागते आणि एकूण पगार सरकारी पेन्शन विम्याच्या उत्पन्नमर्यादेच्या किमान निम्मा असावा लागतो. २०२५ मध्ये ती मर्यादा महिन्याला ८,०५० युरो होती, म्हणजे किमान पगार ४,०२५ युरो. तळातल्या क्लबला हा आकडा जड जातो. जर्मन क्लबने रस दाखवून नंतर मौन धरलं, तर त्यामागे तुमचा खेळ नसून हे गणित असण्याची शक्यता बरीच.

ब्रिटनमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांनाही आंतरराष्ट्रीय क्रीडापटू व्हिसा लागतो आणि त्यासाठी आइस हॉकी यूकेची शिफारस. तरुणांसाठीचा यूथ मोबिलिटी व्हिसा कॅनडियन मुलांना सहज मिळतो, पण त्यावर व्यावसायिक क्रीडापटू म्हणून काम करायला मनाई आहे, आणि या व्याख्येत प्रशिक्षकही येतो. शिवाय व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक पातळीवर ‘फुकट खेळलो’ म्हणून सुटका होत नाही. तिथल्या नियमांत पगार नसला तरी तो व्यावसायिकच धरला जातो. एखादा क्लब ‘त्या व्हिसावर ये, बाकी आम्ही बघतो’ म्हणाला तर तिथेच थांबा. परत पाठवलं जातं ते तुम्हाला, आणि नकाराची नोंद राहते तीही तुमच्या नावावर.

शेंगेन देशांत (युरोपातले सामाईक व्हिसा असलेले देश) पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. ट्रायआउटसाठी (निवड चाचणीसाठी) ऑगस्टमध्ये आलेल्यांचे दिवस तेव्हापासूनच मोजले जातात.

क्लबपर्यंत कसं पोचायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हिडिओ तयार ठेवा. तीन ते चार मिनिटांचा निवडक भाग आणि सोबत दोन पूर्ण, न कापलेले सामने. निवडक भागात फक्त गोल नकोत. प्रत्येक प्रसंगाआधी आपल्यावर बाण किंवा वर्तुळ हवं. बचावपटूने दबावाखाली पक बाहेर काढल्याचे आठ-दहा प्रसंग दाखवावेत, फॉरवर्डने परत धावत येऊन पक हिसकावल्याचे. युरोपातले प्रशिक्षक पूर्ण सामना उघडून तिसऱ्या सत्रात तुमच्या शिफ्ट (एका वेळी सलग बर्फावर राहण्याचा काळ) किती लांबतात ते पाहतात. ज्युनिअरमधला लाडका खेळाडू दीड मिनिट बर्फावर राहतो, आणि ते लगेच दिसतं.

एलिट प्रॉस्पेक्ट्स या संकेतस्थळावरचं तुमचं पान हाच बायोडेटा. उंची, वजन, कोणत्या हाताने खेळता, दुसरं नागरिकत्व हे सगळं बरोबर आहे का ते तपासा. उंची दोन इंच वाढवून लिहिलेली असेल तर पहिल्या दिवशीच लाज जाते.

वरच्या लीगचे क्लब एप्रिल ते जूनमध्ये परदेशी खेळाडू ठरवतात. खालचे जुलै-ऑगस्टपर्यंत थांबतात, आणि काही तर ऑक्टोबरमध्ये ईसीएचएलच्या शिबिरांतून वगळलेले खेळाडू मोकळे होण्याची वाट पाहतात. म्हणजे जूनमध्ये उत्तर आलं नाही तर निराश होऊ नका, पण सप्टेंबरमध्ये तंदुरुस्तीही सोडू नका. एजंट घ्यायचा तर त्याने त्या देशात यापूर्वी कोणाला पाठवलं त्यांची नावं मागा आणि त्यांपैकी दोघांशी स्वतः बोला. त्याची फी कोण देणार, क्लब की तुम्ही, हे सहीआधी ठरवा. नोंदणीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

करार: कुठे बोट ठेवून वाचायचं

पहिला प्रश्न: रक्कम हातात येणारी की कर कापण्याआधीची? दोन्ही पद्धती चालतात, आणि फरक एक तृतीयांशाच्या घरात जाऊ शकतो. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात खेळाडूला बरेचदा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंद करायला लावतात; मग आरोग्य आणि सामाजिक विम्याचे हप्ते तुम्हीच भरता. आकडा मोठा दिसतो, उरतं कमी.

दुसरा, कराराचा शेवट. ‘३० एप्रिलपर्यंत’ आणि ‘शेवटच्या सामन्यापर्यंत’ यांत मोठा फरक आहे. संघ प्लेऑफला पोचला नाही तर दुसऱ्या प्रकारात मार्चमध्येच पगार आणि घर दोन्ही बंद.

तिसरा, चाचणीची मुदत. पहिले चार-सहा आठवडे कोणतंही कारण न देता काढण्याचं कलम असतं. ते असणारच, पण त्यात परतीचं तिकीट क्लबने द्यायचं हे लिहून घ्या, हॉकी बॅग आणि काठ्यांच्या जादा सामानासकट. चौथा, दुखापत: खेळताना दुखापत झाल्यास पगार किती काळ चालू राहणार, शस्त्रक्रिया कुठे होणार आणि खर्च कोणाच्या विम्यातून. ‘क्लब विमा देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका, विम्याचं कार्ड कोणत्या तारखेला मिळणार ते विचारा, कारण पहिला सराव सामना बहुधा त्याआधीच होतो.

घर असेल तर एकट्याचं की दुसऱ्या परदेशी खेळाडूबरोबर, गाडी असेल तर अपघातात पहिला भुर्दंड कोणाचा, काठ्या किती, स्केट मिळणार का, आणि वरच्या लीगमधून बोलावणं आलं तर सुटता येईल का.

यात शिकवण्याचा भाग वेगळ्या परिच्छेदात हवा: कोणते वयोगट, आठवड्याला बर्फावरचे किती तास, स्पर्धांना संघाबरोबर जायचं का, त्याचे पैसे मूळ पगारात की वेगळे. हे तोंडी ठेवलं की ऑक्टोबरपर्यंत आठवड्याचे चार तास वाढून दहा होतात आणि नाही म्हणायची सोय राहत नाही. निवास परवान्याच्या अर्जातही ‘खेळाडू आणि प्रशिक्षक’ असं दोन्ही नमूद करायला सांगा.

सहीआधी मागच्या हंगामातल्या दोन परदेशी खेळाडूंना निरोप पाठवून दोनच गोष्टी विचारा: पगार तारखेला येत होता का, आणि घर फोटोत दाखवलं तसंच होतं का.

ट्रान्सफर कार्ड आणि निघण्यापूर्वीची कागदपत्रं

एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचं ट्रान्सफर कार्ड लागतं. नवा क्लब अर्ज करतो, तुमची सही लागते आणि दोन्ही राष्ट्रीय महासंघांची संमती लागते. कार्ड मर्यादित मुदतीचं असतं किंवा कायमचं. पहिल्या वर्षी मर्यादित घेणं शहाणपणाचं, कारण मुदत संपली की नोंदणी आपोआप मूळ देशात परत येते. कार्ड अडकण्याचं नेहमीचं कारण साधं आहे: आधीच्या ज्युनिअर संघाने तुम्हाला यादीतून मोकळं केलेलं नसतं, किंवा सामनाबंदीची शिक्षा शिल्लक असते. ती शिक्षा कार्डाबरोबर नव्या देशात येते. जुलैमध्येच दोन्हींची खात्री करा.

मुलांना शिकवायचं म्हणजे पोलिसांचा दाखला हवा. कॅनडात तो मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीच्या खास तपासणीचा घ्या आणि निघण्यापूर्वी घ्या, बाहेरून मिळवणं त्रासाचं. जर्मनीत क्लब विस्तारित वर्तन दाखला मागतो, ब्रिटनमध्ये डीबीएस (गुन्हेनोंदींची) तपासणी होते, स्वीडनमध्ये पोलिसांच्या नोंदवहीचा उतारा. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे जन्मदाखला आणि प्रमाणपत्रांवर एकच शिक्का पुरतो. पूर्वीसारखं दूतावासात खेटे घालायला नकोत. हॉकी कॅनडाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम ज्युनिअरच्या शेवटच्या उन्हाळ्यात उरकून टाका. युरोपातला महासंघ तो जसाच्या तसा मान्य करेलच असं नाही, पण प्रशिक्षक परवान्याच्या कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची ते त्यावरून ठरतं.

बॅगेत काय

गळ्याचं संरक्षक आता आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत सक्तीचं आहे. सवयीचं असेल ते दोन नग न्या. सहा काठ्या न्या. तुमच्या वळणाची आणि ताठरपणाची काठी क्लबच्या पुरवठादाराकडे यायला आठवडे लागतात. स्केटच्या पात्याला धार लावायचं माप (पात्याच्या खोबणीची त्रिज्या) मिलिमीटरमध्ये पाठ करा: अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ सांगायचं. पाच-अष्टमांश म्हणजे साधारण १६. घरचं धार लावायचं यंत्र १२० व्होल्टचं असेल तर २३० व्होल्टवर ते जळेल.

पहिले सहा आठवडे: रुंद बर्फ

उत्तर अमेरिकेतलं रिंक सुमारे ६१ बाय २५.९ मीटर. युरोपात बऱ्याच ठिकाणी ६० बाय ३०, फिनलंडमध्ये २८ रुंदीची पुष्कळ, आणि नव्या रिंक अरुंदही असतात. चार मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण फेसऑफच्या ठिपक्यापासून कठड्यापर्यंतचं अंतर मोजा: तिकडे सव्वासहा मीटर, इकडे आठ. बचावपटू सवयीने समोरच्याला कठड्याकडे ढकलायला जातो आणि पोचेपर्यंत तो आत वळून गेलेला असतो. उपाय एकच: ठिपक्यांच्या रेषेच्या आत राहा आणि बाहेरची जागा त्याला देऊन टाका. तिथून मारलेला फटका गोलरक्षकाला सोपा.

फॉरवर्डची चूक दुसरी. ज्युनिअरमध्ये ब्लू लाइनवरून (विरोधी भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा) पक खोलात टाकायचा आणि धावत जाऊन आदळायचं, हे रक्तात भिनलेलं असतं. रुंद बर्फावर विरोधी बचावपटूला मान वर करून पास द्यायला वेळ मिळतो आणि तुम्ही नुसते पळत राहता. इथे पक ताब्यात ठेवून मागे वळणं, बचावपटूकडून बचावपटूकडे पास, पुन्हा रचना करून आत शिरणं जास्त चालतं. पहिल्या महिन्यात प्रशिक्षक जे ओरडेल त्यातलं निम्मं हेच असेल.

गुणही वेगळे: निर्धारित वेळेत जिंकल्यास तीन, जादा वेळेत जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्याला एक. बरोबरी असताना शेवटची पाच मिनिटं म्हणूनच निराळी खेळली जातात. आणि मारामारी करून संघाला चेतवण्याचा विचार मनातून काढा. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची शिक्षा सामन्याबाहेर काढण्यापर्यंत जाते. दोनच परदेशी असलेल्या संघात त्यांतला एक बाहेर गेला तर तो पराक्रम कोणाला आवडत नाही.

मुलांचा एक तास

खालच्या लीगमध्ये स्थानिक खेळाडू दिवसा नोकरी करतात, त्यामुळे पहिल्या संघाचा सराव रात्री आणि मुलांचे सराव चार-पाच वाजता. दोन्ही मिळून स्केटवर तीन-चार तास होतात. शुक्रवारी सामना असेल तर गुरुवारी मुलांबरोबर एका तासाच्या वर बर्फावर राहू नका. मांडीचे स्नायू डिसेंबरमध्ये त्याचा हिशेब मागतात.

२४ मुलं, तीन प्रशिक्षक, ६० मिनिटं, अकरा वर्षांखालचा गट असं धरून मांडणी बघा. पहिली ८ मिनिटं सगळ्यांचं एकत्र स्केटिंग: कडा, थांबणं, मागे वळणं. मग बर्फाचे चार भाग आणि प्रत्येक भागात सहा मुलं, ८-८ मिनिटं, मध्ये जागा बदलायला एकेक मिनिट. इथे ३५ मिनिटं गेली. उरलेल्यात १४ मिनिटं आडव्या बर्फावर तीन विरुद्ध तीन, छोट्या गोलपोस्ट लावून, आणि शेवटची ३ मिनिटं पक गोळा करून वर्तुळात उभं राहायला. चार भाग आणि तीन प्रशिक्षक, म्हणून चौथ्या भागात आपोआप चालणारं काम ठेवा: शंकू आणि टायरमधून पक नेणं. तिथे पंधरा वर्षांखालच्या संघातला एखादा मोठा मुलगा उभा केला की तोही शिकतो.

कोणत्याही रांगेत तीनपेक्षा जास्त मुलं उभी दिसली तर सराव फसला आहे. लगेच रांग दुभंगा. साठ पक लागतात, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी नेहमीचे १७० ग्रॅमचे काळे नकोत, ११३ ग्रॅमचे निळे हवेत. जड पक उचलायला मूल मनगटाऐवजी सगळं अंग फिरवतं, आणि ती खोड पुढे सुटत नाही.

भाषा येत नसताना फळ्यासमोर दोन मिनिटं बोलणं हा नव्या प्रशिक्षकाचा ठरलेला दोष. तीस सेकंद चित्र, मग करून दाखवा, मग शिट्टी. त्या भाषेतले दहा शब्द पहिल्या आठवड्यात पाठ हवेत: बदली, मागे, लवकर, थांब, पास, फटका, डावीकडे, उजवीकडे, शाबास, पुन्हा. जर्मनीत बदलीला ‘वेक्सल’ म्हणतात. तो एक शब्द आला तरी सामन्यात बाक चालवता येतो. अंगाने आडवं जाण्याची, म्हणजे बॉडी चेकिंगची परवानगी कोणत्या वयापासून, हे देशागणिक बदलतं. पहिल्या सरावाआधी विचारून घ्या, पालकांच्या तक्रारीनंतर नव्हे.

स्पर्धा: बाकावर आणि बर्फावर

मुलांच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धेत सामना बहुतेक वेळा दोन सत्रांचा आणि न थांबणाऱ्या घड्याळाचा असतो. पंधरा मिनिटांचं सत्र, १५ खेळाडू, पाच-पाचच्या तीन तुकड्या आणि मिनिटाची शिफ्ट धरली तर प्रत्येक तुकडीला सत्रात पाच, सामन्यात दहा शिफ्ट मिळतात. हे गणित कागदावर लिहून बाकाला चिकटवा. नाहीतर तिसऱ्या सामन्यापर्यंत चांगल्या तुकडीला नकळत दीडपट वेळ दिला जातो, आणि गॅलरीतले पालक घड्याळ लावून बसलेले असतात. दोन गोलरक्षकांमध्ये सामने कसे वाटायचे ते शुक्रवारी रात्रीच दोघांना सांगा.

मोठ्यांच्या स्पर्धांत ज्युनिअरमधून आलेल्या कॅनडियन खेळाडूसाठी सर्वांत जवळचं स्वप्न स्वित्झर्लंडमधल्या दावोसचा स्पेंगलर कप. १९२३ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २६ ते ३१ डिसेंबरला होते, आणि १९८४ पासून टीम कॅनडा तिथे खेळते. या संघात युरोपातल्या क्लबांत खेळणारे कॅनडियन मोठ्या संख्येने असतात. सहा संघ, तीन-तीनचे दोन गट; गटात पहिला आलेला थेट उपान्त्य फेरीत, बाकीच्यांना उपउपान्त्य खेळावी लागते. म्हणजे सहा दिवसांत जास्तीत जास्त पाच सामने, तेही सुमारे १,५६० मीटर उंचीवर. सपाटीवरून आलेल्याला पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांनंतर धाप लागते, म्हणून शिफ्ट आखूड ठेवा. टीम कॅनडाची यादी ठरते ती शरद ऋतूतल्या खेळावर. स्वित्झर्लंडची नॅशनल लीग त्या आठवड्यात थांबते, जर्मन लीग मात्र नाताळात जोरात चालू असते, त्यामुळे जर्मनीतल्या खेळाडूला क्लब सोडेल का हा वेगळा प्रश्न. करारात त्याचं कलम घालता आलं तर उत्तम.

चॅम्पियन्स हॉकी लीगमध्ये २०२३-२४ पासून २४ क्लब असतात. तिचंही आद्याक्षरी नाव सीएचएल आणि कॅनडियन हॉकी लीगचंही (ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल यांची संघटना) सीएचएल, म्हणून बायोडेटात पूर्ण नाव लिहा.

दुसऱ्या देशाकडून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा खेळायची तर नागरिकत्वाबरोबर त्या देशाच्या स्पर्धांत सलग दोन हंगाम खेळावं लागतं. आधी एखाद्या देशाकडून महासंघाच्या स्पर्धेत उतरला असाल तर सलग चार वर्षे, आणि असा बदल आयुष्यात एकदाच. १८ वर्षांखालची जागतिक स्पर्धाही यात धरतात, हे बरेच जण विसरतात. पॉल डीपिएत्रोचं उदाहरण पाहा: ओएचएलच्या सडबरी वुल्व्ह्‌जमधून आलेला, मॉन्ट्रियलबरोबर १९९३ चा स्टॅनली कप (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचा, एनएचएलचा चषक) जिंकलेला हा खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावला, तिथला नागरिक झाला, आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडने कॅनडाला २-० हरवलं तेव्हा दोन्ही गोल त्याचे होते. प्रशिक्षक म्हणून बाकावर होता राल्फ क्रूगर, तोही डब्ल्यूएचएलमधून येऊन जर्मनीत खेळलेला. क्रूगरने आधी ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खला १९९८ ची युरोपियन हॉकी लीग जिंकून दिली होती. ओएचएलच्या ओटावा सिक्स्टी-सेव्हन्सचा माजी खेळाडू शॉन सिम्पसन याच्या हाताखाली झुरिकचा संघ २००९ मध्ये चॅम्पियन्स हॉकी लीग जिंकला आणि २०१३ मध्ये स्वित्झर्लंडला जागतिक रौप्य मिळालं. दोघेही आधी युरोपात खेळले, मग बाकावर गेले. प्रशिक्षकपदासाठी भाषा आणि स्थानिक परवाना या दोन गोष्टी खेळतानाच मिळवणं स्वस्त पडतं. निवृत्तीनंतर त्याच वर्गात पगाराविना बसावं लागतं.

हंगाम संपल्यावर

निघण्याच्या आठवड्यात क्लबकडून वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला घ्या. घरच्या देशात कर-रहिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि परदेशात भरलेल्या कराची वजावट या कागदाशिवाय मिळत नाही. जर्मनीत पालिकेत नोंद रद्द केल्याची पावती लागते. ती नसेल तर विमा कंपनीची बिलं उन्हाळाभर येत राहतात. घराची आणि गाडीची पाहणी क्लबच्या माणसासमोर करा, फोटो काढा, किल्ली दिल्याची सही घ्या. मुलांच्या विभागाच्या प्रमुखाकडून वयोगट आणि तास नमूद केलेलं पत्र मागा. पुढच्या परवान्याच्या अर्जाला तेच जोडतात. ट्रान्सफर कार्ड कायमचं असेल आणि पुढचा हंगाम मायदेशात खेळायचा असेल, तर परतीच्या कार्डाचा अर्ज ऑगस्टवर न ढकलता मे महिन्यातच करा.